घराजवळचे इंजिनिअरिंग कॉलेज : एक दृष्टिक्षेप

दरवर्षी मे-जूनमध्ये दहावी-बारावीचे निकाल लागतात आणि आमच्या बोरगाव मेघेत, सिंदी मेघेत, वर्धा शहरातल्या मोहल्ल्यांत एकच चर्चा सुरू होते. मुलाला पुढे काय करायचे? मुलीला कुठपर्यंत शिकवायचे? शिक्षक म्हणून आम्हाला हे प्रश्न रस्त्यात, दुकानात, लग्नाच्या दावतीतही विचारले जातात. विचारणारे बहुतेक कष्टकरी असतात. कुणाचे गॅरेज आहे, कुणी वेल्डिंग करतो, कुणी मोटर वायंडिंग करतो, कुणी बांधकामावर मिस्त्री आहे, तर कुणी फळांची गाडी लावतो. मुलाने इंजिनिअर व्हावे ही त्यांची इच्छा असते. पण लगेच पुढचे वाक्य येते, “पण सर, ते आपल्याला कुठून झेपणार? पुण्याला पाठवणे आपल्या हातात नाही.”

इंजिनिअरिंग म्हणजे पुणे, मुंबई किंवा फार तर नागपूर, ही समजूत आपल्या घरांत पक्की बसली आहे. वर्ध्याला लागूनच इंजिनिअरिंगची पदवी देणारे कॉलेज आहे, विज्ञानाचे जुने कॉलेज आहे आणि पॉलिटेक्निकही आहे. बोरगावच्या मुलाला किंवा मुलीला सकाळी घरून निघून संध्याकाळी घरी परत येता येईल एवढ्या अंतरावर हे सारे आहे. तरी अनेक पालकांना त्याची पुरती माहिती नाही. म्हणून या लेखात आम्ही पिपरी येथील बजाज इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या लहान कॉलेजाची ओळख करून देत आहोत. ही जाहिरात नाही आणि प्रवेश तिथेच घ्यावा असा आमचा आग्रहही नाही. घराजवळच्या लहान कॉलेजकडे कसे पाहावे, तिथे पोहोचण्याचे रस्ते कोणते आणि त्या रस्त्यांवर आपली मुले कुठे अडतात, हे सांगणे हा खरा उद्देश आहे.

कॉलेजची ओळख

बजाज इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी हे वर्ध्याच्या आर्वी रोडवर पिपरी येथे आहे. ते 2017 साली सुरू झाले, म्हणजे वयाने अगदी तरुण कॉलेज. चालवणारी संस्था मात्र शंभर वर्षांहून जुनी आहे, तिचे नाव शिक्षा मंडळ, वर्धा. कॉलेज रायगड जिल्ह्यातील लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी संलग्न आहे. पूर्वी वर्धा जिल्ह्यातले इंजिनिअरिंगचे विद्यार्थी नागपूर विद्यापीठाची परीक्षा देत. 2017 च्या सुमारास लोणेऱ्याच्या या राज्य विद्यापीठाने राज्यभरातील कॉलेजांना संलग्नता देण्यास सुरुवात केली आणि पिपरीचे कॉलेज सुरुवातीपासूनच त्या छत्राखाली आले.

अभ्यासक्रम चार वर्षांचा, आठ सत्रांचा. पदवी बी.टेक. ची. कॉलेजच्या मूळ शाखा चार : सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल आणि कॉम्प्युटर. मोठ्या शहरातल्या कॉलेजांत शाखांची लांबलचक यादी असते, तशी इथे नाही.

याच शिक्षा मंडळाचे जानकीदेवी बजाज विज्ञान महाविद्यालय वर्धा शहरात सिव्हिल लाइन्स भागात आहे. ते 1962 साली सुरू झाले. ज्याला इंजिनिअरिंग नको, पण भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित किंवा जीवशास्त्र शिकायचे आहे, त्याच्यासाठी ते दार उघडे आहे. दहावीनंतर पदविका करू इच्छिणाऱ्यांसाठी संस्थेचे आचार्य श्रीमन्नारायण पॉलिटेक्निकही पिपरीलाच आहे. थोडक्यात, दहावीनंतरचे, बारावीनंतरचे आणि पदवीचे असे तीन टप्पे एकाच गावाच्या परिसरात मिळतात.

आधी मुले कुठे जात?

आजोबांच्या पिढीला ही सोय नव्हती. नागपूरचे लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी 1942 चे, पण ते रासायनिक तंत्रज्ञानापुरते. आज ज्याला आपण व्हीएनआयटी म्हणतो ते नागपूरचे विश्वेश्वरय्या कॉलेज 1960 चे आणि अमरावतीचे सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज 1964 चे. वर्ध्याच्या मुलाला इंजिनिअर व्हायचे तर या दोन शहरांपैकी एकात खोली घेऊन राहावे लागे, आणि जागा इतक्या थोड्या की फार हुशार मुलालाच त्या मिळत.

1983 साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना राज्याने खासगी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. त्याच वर्षी सेवाग्रामला बापूराव देशमुख कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग सुरू झाले. जिल्ह्यात इंजिनिअरिंगची पदवी पहिल्यांदा आवाक्यात आली ती अशी. त्यानंतर जिल्ह्यात आणखी कॉलेजे निघाली आणि 2017 मध्ये पिपरीचे कॉलेज आले. दोन पिढ्यांच्या काळात नागपूरचे अंतर बसच्या एका तिकिटावर आले. पण अंतर कमी होऊनही आपल्या वस्तीतली मुले त्या प्रमाणात तिथे दिसत नाहीत. अडचण अंतराची नसून दुसरीकडे आहे. तिकडे येण्याआधी थोडे या मातीच्या इतिहासाबद्दल सांगायला हवे.

वर्ध्यात झालेली एक बैठक

शिक्षा मंडळाची स्थापना जमनालाल बजाज यांनी 1914 साली केली. सुरुवातीला त्याचे नाव मारवाडी शिक्षा मंडळ होते. या मंडळाच्या मारवाडी विद्यालयाच्या, म्हणजे पुढे नवभारत विद्यालय झालेल्या शाळेच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी वर्ध्यात अखिल भारतीय राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. अध्यक्ष होते महात्मा गांधी. शिक्षण केवळ पुस्तकातून न देता हाताच्या कामातून, हुनरातून द्यावे, हा विचार तिथे मांडला गेला. पुढे तो ‘नई तालीम’ किंवा ‘वर्धा योजना’ म्हणून ओळखला गेला.

या विचाराला अभ्यासक्रमाचे रूप देण्यासाठी जी समिती नेमली तिचे अध्यक्ष होते दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियाचे प्रमुख डॉ. झाकिर हुसेन. वय चाळीसच होते. समितीत ख्वाजा गुलामुस्सैय्यदैन हेही शिक्षणतज्ज्ञ होते. विनोबा भावे, काका कालेलकर, जे. सी. कुमारप्पा हेही सदस्य होते. डिसेंबर 1937 मध्ये अहवाल सादर झाला. त्या योजनेवर त्या काळी बरीच टीका झाली, मुस्लिम समाजातूनही झाली. पण आज आम्हाला त्या अहवालातला एक इशारा फार मोलाचा वाटतो. मुलांच्या हातून होणाऱ्या कामाच्या कमाईकडेच लक्ष गेले आणि शिक्षणाचा हेतू मागे पडला, तर योजना बिघडेल, असे समितीने तेव्हाच बजावले होते.

आपल्या घरांत आज हेच घडते आहे. बारा-चौदा वर्षांचा मुलगा अब्बांच्या गॅरेजमध्ये बसतो. सहा महिन्यांत पाने ओळखू लागतो, वर्षभरात इंजिन उघडतो. चार पैसे येऊ लागतात आणि शाळा सुटते. हुनर वाईट नाही, तो तर आपला वारसा आहे. पण हुनराच्या कमाईने तालीम थांबवली, तर मुलगा आयुष्यभर दुसऱ्याने बनवलेले यंत्रच दुरुस्त करत राहतो. डॉ. झाकिर हुसेन 1967 साली देशाचे राष्ट्रपती झाले. ज्या वर्ध्यात त्यांनी हात आणि बुद्धी यांची सांगड घालण्याचा आराखडा तयार केला, त्या वर्ध्याच्या मुलांपर्यंत तरी तो विचार पोहोचायला हवा.

चार शाखा आणि आपले धंदे

इंजिनिअरिंगमध्ये काय शिकवतात, असे पालक विचारतात तेव्हा आम्ही त्यांच्याच धंद्यातले उदाहरण देतो.

मोटर वायंडिंग करणाऱ्याला ठाऊक असते की उन्हाळ्यात शेतकऱ्यांच्या जळालेल्या मोटरी रांगेने येतात. कारण काय, तर “लाइट कमी येतो”. इलेक्ट्रिकलचा विद्यार्थी याच्या पुढे जातो. दाब कमी झाला तरी पाणी तेवढेच उचलायचे असते, म्हणून मोटर जास्त करंट ओढते. करंट दुप्पट झाला तर तारेत तयार होणारी उष्णता चौपट होते, आणि इन्सुलेशन जळते. एवढे समजले की मोटर बांधणारा मुलगा तिला वाचवणारे यंत्र बसवण्याचा विचार करू लागतो.

बांधकाम मिस्त्रीला माहीत असते की वर्ध्याच्या काळ्या मातीत पाया खोल घ्यावा लागतो, नाहीतर भिंतीला तडे जातात. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, हे तो अनुभवाने जाणतो. सिव्हिलमध्ये माती प्रयोगशाळेत तपासून ती किती फुगते, किती भार सोसते हे मोजायला शिकवतात. मोजमाप हाती आले की मिस्त्रीचा मुलगा नकाशावर सही करणारा माणूस होतो.

मेकॅनिकलचा संबंध गॅरेज, लेथ, वेल्डिंगशी आहेच, शिवाय आपल्या जिल्ह्यातल्या कारखान्यांशीही आहे. हिंगणघाट, वर्धा, पुलगाव हा सारा कापसाचा पट्टा, इथे जिनिंग-प्रेसिंग चालते. भुगावला पोलाद कारखाना आहे, देवळीला एमआयडीसी आहे. कॉम्प्युटर शाखेबद्दल वेगळे सांगायला नको. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसणारी आपली मुले मोबाइलचे अंतरंग ओळखतात, त्यातली प्रणाली कशी लिहितात हे शिकण्याची संधी त्यांना मिळालेली नसते, एवढेच.

सांगायचा मुद्दा असा की ज्या घरात हाताचे काम पाहतच मूल वाढते, त्या घरातले मूल इंजिनिअरिंगला परके नसते. उलट त्याला काही गोष्टी पुस्तकाआधीच ठाऊक असतात.

प्रवेशाचे दोन रस्ते

पहिला रस्ता बारावी विज्ञानानंतरचा. बारावीत भौतिकशास्त्र व गणित हवे, सोबत रसायनशास्त्र किंवा नियमात दिलेला दुसरा विषय. या विषयांत मिळून किमान 45 टक्के आणि मागास प्रवर्गांसाठी 40 टक्के गुण लागतात. त्याशिवाय राज्याची एमएचटी-सीईटी द्यावी लागते. पेपर 200 गुणांचा : गणिताला 100, भौतिकशास्त्राला 50, रसायनशास्त्राला 50. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडून येऊ नये. प्रश्नांचा मोठा भाग बारावीच्या आणि साधारण पाचवा हिस्सा अकरावीच्या अभ्यासक्रमातून येतो. अकरावी ‘आरामाचे वर्ष’ समजणाऱ्यांना हा पाचवा हिस्सा नडतो.

त्यानंतर केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया, म्हणजे कॅपच्या फेऱ्या होतात. कॉलेजांचा पसंतीक्रम भरावा लागतो. पहिल्या क्रमांकावर लिहिलेली जागा मिळाली तर तीच पक्की धरली जाते, पुढच्या फेरीत बदलता येत नाही. म्हणून सायबर कॅफेवाल्याच्या भरवशावर क्रम भरू नये. घरात बसून, मुलाला किंवा मुलीला सोबत घेऊन आधी कागदावर यादी करावी.

दुसरा रस्ता दहावीनंतरचा. दहावीत 35 टक्के गुण असले तरी पॉलिटेक्निकच्या पदविकेसाठी अर्ज करता येतो. तिथे सीईटी नाही, दहावीच्या गुणांवर यादी लागते. अभ्यासक्रम तीन वर्षांचा. पदविकेनंतर नोकरी धरता येते किंवा बी.टेक. च्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. ज्या घराला मुलाची कमाई लवकर हवी आहे, त्या घरासाठी हा रस्ता जास्त सोयीचा. तीन वर्षांनी हातात पदविका असते आणि पुढे शिकायचे दारही बंद होत नाही. आम्ही पाहतो की हा दुसरा रस्ता पालकांना कमी माहीत आहे, आणि ज्यांना त्याची सर्वांत जास्त गरज आहे त्यांनाच तो माहीत नाही.

उर्दू माध्यमाच्या मुलांचे काय?

आम्ही उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणून हा प्रश्न आमच्या जवळचा आहे. उर्दू माध्यमातून दहावी झालेल्या मुलाला वाटते की विज्ञान शाखा आपल्यासाठी नाही. इथे एक गोष्ट आवर्जून सांगायची. एमएचटी-सीईटीचे भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे पेपर इंग्रजीबरोबर मराठीत आणि उर्दूतही देता येतात. गणिताचा पेपर मात्र फक्त इंग्रजीत असतो, आणि तोच निम्म्या गुणांचा.

याचा अर्थ सरळ आहे. उर्दू किंवा मराठी माध्यमाच्या मुलाने सर्वांत आधी गणिताची इंग्रजी परिभाषा पक्की करावी. ती फार मोठी नाही. ‘मुसल्लस’ म्हणजे ‘त्रिकोण’ म्हणजे ‘ट्रँगल’, ‘मुसावात’ म्हणजे ‘समीकरण’ म्हणजे ‘इक्वेशन’, अशी तीन रकान्यांची वही आठवीपासून ठेवली, रोज पाच शब्द लिहिले, तर दहावीपर्यंत भीती जाते. या वहीला क्लासची फी लागत नाही. आठवीपासून रोज दहा मिनिटे लागतात आणि ती लिहून घेणारे कुणीतरी मोठे माणूस लागते. अम्मी, आपा, मोठा भाऊ, शेजारची शिकलेली मुलगी, कुणीही चालेल.

पदवीला गेल्यावर पुस्तके आणि परीक्षा इंग्रजीतच असतात, हे खरे. पहिले सत्र जड जाते. पण लहान कॉलेजात वर्गातली मुलेही वर्धा, आर्वी, हिंगणघाट, देवळीचीच असतात. शंका मराठीत विचारली तर कुणी हसत नाही. मोठ्या शहरातल्या कॉलेजात आपले मूल पहिल्याच महिन्यात गप्प होऊन जाते, तशी वेळ इथे कमी येते.

फीचा हिशेब

“फी किती?” हा प्रश्न आधी येतो. फी दरवर्षी बदलते आणि ती शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देते. कॉलेजच्या सूचनाफलकावर ती लावलेली असते. पण पालकांनी विचारायचा खरा प्रश्न दुसरा आहे : “त्यातली मला किती भरावी लागेल?” कारण मदतीच्या योजना आहेत आणि त्या चांगल्या आहेत.

पहिली, शिक्षण शुल्क माफी योजना, म्हणजे टीएफडब्ल्यूएस. प्रत्येक शाखेच्या मंजूर जागांवर आणखी 5 टक्के जागा यासाठी असतात. घरचे वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल आणि गुणवत्तेत नंबर लागला, तर शिक्षण शुल्क माफ होते.

दुसरी, राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना. खुल्या प्रवर्गातील 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलांना शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काच्या निम्म्या रकमेचा लाभ मिळतो. इतर मागासवर्गीयांसाठीही त्यांच्या खात्याची अशीच योजना आहे.

तिसरी गोष्ट मुलींची. 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना कॅपमधून प्रवेश घेणाऱ्या, 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतील इतर मागासवर्गीय, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्गांतील मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात 50 ऐवजी 100 टक्के लाभ देण्याचा निर्णय शासनाने 8 जुलै 2024 रोजी केला. पात्र मुलीकडून माफ असलेली फी प्रवेशाच्या वेळी घेऊ नये, असेही निर्देश आहेत.

चौथी, अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी राज्याची शिष्यवृत्ती. उच्च व व्यावसायिक शिक्षणासाठी ती वर्षाला कमाल 50,000 रुपयांपर्यंत आहे. संख्या मर्यादित असते आणि निवड गुणवत्तेवर होते. हे सारे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचे असतात. एकाच वर्षी दोन शिष्यवृत्त्या साधारणपणे घेता येत नाहीत, म्हणून आपल्याला कोणती फायद्याची हे आधी पाहून घ्यावे.

कर्जाचाही एक रस्ता आहे. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ सवलतीच्या व्याजदराने शैक्षणिक कर्ज देते. व्याजाच्या प्रश्नामुळे आपल्यातली अनेक घरे त्या वाटेला जात नाहीत. त्यांनी तर वरच्या चार योजनांची माहिती आणखी काटेकोर ठेवायला हवी.

इथे एक इशारा द्यावासा वाटतो. शुल्कमाफीच्या या योजना कॅप फेरीतून प्रवेश घेतलेल्यांसाठी आहेत. व्यवस्थापन कोट्यातून थेट प्रवेश घेतला की हा लाभ जातो. “फेऱ्यांची झंझट कशाला, थेट घेऊन टाका,” असे सांगणारा दलाल आपला हितचिंतक नसतो.

खरी अडचण कागदांची

आता आधी म्हटलेल्या अडचणीकडे येऊ. आपली मुले अनेकदा गुणांमुळे अडत नाहीत, कागदांमुळे अडतात.

मोमीन, बागवान, तांबोळी, पिंजारी, मन्यार, अत्तार, कुरेशी अशा अनेक मुस्लिम बिरादऱ्या राज्याच्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत आहेत. पण नुसते यादीत असून भागत नाही. जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर आणि जात वैधता प्रमाणपत्र लागते. त्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा रहिवास आणि जातीचा पुरावा मागतात. दादांच्या शाळेचा दाखला, जुना कोतवाल बुकाचा उतारा, असे काही शोधावे लागते. हा शोध बारावीच्या निकालानंतर सुरू केला तर वेळ निघून जाते. अकरावीत प्रवेश घेतला की लगेच तो सुरू करावा.

जे या यादीत नाहीत त्यांनी आर्थिक दुर्बल घटकाचे, म्हणजे ईडब्ल्यूएसचे प्रमाणपत्र काढावे. शेख, सय्यद, पठाण, खान अशा खुल्या प्रवर्गातल्या घरांना ते मिळू शकते, हे अनेकांना माहीतच नसते. मुलींच्या शंभर टक्के लाभासाठी हाच कागद उपयोगी पडतो.

दुसरी अडचण नावांची. शाळेच्या दाखल्यावर ‘मोहम्मद’, आधारवर ‘मो.’, बँकेत ‘मोहंमद’. आडनाव कुठे ‘शेख’ आधी, कुठे शेवटी. आईचे नाव एका कागदावर ‘बेगम’ लावून, दुसऱ्यावर ‘बी’ लावून. उर्दूतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत येताना नाव तीन वेळा बदलते. घरात त्याने काही बिघडत नाही, पण पोर्टल दोन वेगळी माणसे समजते. म्हणून शाळेत पहिलीत नाव घालताना जन्मदाखल्यावर आहे तेच, त्याच क्रमाने घालावे. आणि चूक झाली असेल तर मूल शाळेत असतानाच दुरुस्त करून घ्यावी. शाळा सोडल्यानंतर तीच दुरुस्ती फार लांबते.

मुलींविषयी थोडे

बारावीला चांगले गुण मिळवलेली मुलगी घरी बसते, तेव्हा कारण विचारले की तीनच उत्तरे मिळतात : गाव लांब आहे, फी जास्त आहे, वेळेवर परत कशी येणार. पिपरी किंवा सेवाग्राम लांब नाही. बोरगाव, पिपरी आणि सेवाग्राम सारीच वर्ध्याच्या आसपास. फीचे वर सांगितले. राज्यात इंजिनिअरिंगच्या 30 टक्के जागा मुलींसाठी राखीव असतात. येण्या-जाण्याचा प्रश्न मोहल्ल्यातल्या तीन-चार मुलींनी एकत्र प्रवेश घेतला तर पुष्कळसा सुटतो. एका घराने एकट्याने घाबरत राहण्यापेक्षा तीन घरांनी मिळून बसून ठरवावे.

कॉलेजमध्ये अंतर्गत तक्रार समिती आणि रॅगिंगविरोधी समिती असणे बंधनकारक आहे. पालकांनी पहिल्याच भेटीत त्यांची नावे व फोन नंबर विचारून घ्यावेत. विचारण्यात संकोच नको, तो पालकांचा हक्क आहे.

लहान असण्याचे फायदे-तोटे

लहान कॉलेजची बाजू मांडताना त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. लहान गावातल्या कॉलेजपर्यंत मोठ्या कंपन्या नेहमी येत नाहीत. शाखा थोड्या असल्याने निवडीला वाव कमी. शहरातल्या मुलांना शेजारी सहज दिसणारे उद्योग, स्पर्धा, व्याख्याने इथे स्वतः शोधावी लागतात. म्हणून इथे शिकणाऱ्याने दुसऱ्या वर्षापासूनच सुटीत कारखान्यात काम पाहणे, इंग्रजी बोलण्याचा सराव आणि एखादी संगणक भाषा पक्की करणे, हे स्वतःचे काम समजावे. वर्ध्याच्या मगनवाडीत केंद्र सरकारची महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे, लहान उद्योगांचे तंत्रज्ञान तिथे पाहता येते. अशा जागा मुलांना दाखवायला हव्यात.

कुठलेही कॉलेज निवडताना पालकांनी स्वतः जाऊन पाहावे. इमारतीच्या रंगापेक्षा प्रयोगशाळा पाहावी : यंत्रे वापरात आहेत की झाकून ठेवली आहेत? शिक्षक कायम आहेत की दरवर्षी बदलतात? मागच्या वर्षी किती मुले पहिल्या प्रयत्नात पास झाली? ‘शंभर टक्के नोकरी’ असे कुणी म्हटले, तर कोणत्या कंपनीत आणि किती पगारावर, हे लेखी मागावे. ग्रंथालय संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडे असते? शिकणाऱ्या दोन-चार मुलांशी बाहेर चहाच्या टपरीवर बोलावे, ती खरे सांगतात. ज्यांना अल्पसंख्याक संस्थेतच मूल पाठवायचे आहे, त्यांच्यासाठी नागपूरच्या सदर भागात अंजुमनचे इंजिनिअरिंग कॉलेजही आहे. तिथेही हेच प्रश्न विचारावेत.

आता करायचे काय?

ज्या घरात आठवी-नववीत शिकणारे मूल आहे त्यांनी गणिताची तीन भाषांची वही सुरू करावी आणि सर्व कागदांवरचे नाव एकसारखे आहे का ते पाहावे. दहावीत असेल तर विज्ञान शाखा आणि पॉलिटेक्निक दोन्हींची माहिती घ्यावी. अकरावीत असेल तर जात वैधतेचा किंवा ईडब्ल्यूएसचा अर्ज या महिन्यातच करावा. बारावीत असेल तर सीईटीच्या अर्जाच्या तारखेवर लक्ष ठेवावे, ती निघून गेली की वर्ष जाते.

आणि मशिदीच्या, शाळेच्या किंवा मोहल्ल्याच्या समितीत जे जबाबदार लोक आहेत, त्यांना आमची विनंती आहे की वर्षातून एक दिवस, दिवाळीच्या सुटीत म्हणा, कागदपत्रांसाठी ठेवा. दोन शिक्षक, एक सेतू केंद्र चालवणारा, एक इंजिनिअर झालेला तरुण आणि कागदांच्या पिशव्या घेऊन आलेले पालक, एवढे पुरेसे आहे. चहापलीकडे त्याला खर्च नाही. त्या एका दिवसात दहा मुलांची नावे आणि दाखले नीट झाले, तर दोन वर्षांनी त्यातली काही मुले आणि मुली बोरगावहून पुस्तके घेऊन कॉलेजला जाताना दिसतील, इन्शाअल्लाह.